सोयाबीनवरचा चक्रीभुंगा : ओळख आणि विस्तार

यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीचा खर्च एकेकाळी कापसाच्या पहिल्या वेच्यावर निघत असे. आता त्याआधी सोंगून बाजारात जाणाऱ्या सोयाबीनवर अनेक घरांची भिस्त असते. या पिकाच्या खोडात जगणारा चक्रीभुंगा म्हणूनच नीट ओळखून घ्यायला हवा.

याचे शास्त्रीय नाव ओबेरिऑप्सिस ब्रेव्हिस. तो लांब मिशांच्या भुंग्यांच्या, म्हणजे सेरॅम्बिसिडी कुळातला. लांबी जेमतेम 7 ते 10 मिलिमीटर, अंग निमुळते. डोके, छाती आणि कठीण पंखांचा पुढचा भाग नारिंगी-तांबूस, तर पंखांचा मागचा भाग काळसर. मिशा जवळपास शरीराइतक्या लांब. अळी पिवळसर पांढरी, बिनपायांची, गडद डोक्याची.

चक्री हे नाव त्याला मादीच्या करणीमुळे मिळाले. ती देठावर, फांदीवर किंवा खोडावर दोन गोल खापा पाडते, खालच्या खापेजवळ छिद्रे करते आणि त्यांतल्या एकात अंडे घालते. खापांमुळे अन्नरसाचा मार्ग तुटतो व वरचा भाग सुकतो. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि खोडाचा गाभा खात खाली सरकते. वाढ पूर्ण झाली की ती झाड आतूनच कापते. उशिराच्या पिढीतल्या अळ्या पिकाच्या अवशेषांत सुप्त राहतात. पुढच्या पावसाळ्यात त्यांचे भुंगे होतात.

मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड, कर्नाटक आणि महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, त्याचा उपद्रव आहे. हा बराचसा सोयाबीनचाच नकाशा. मात्र भुंगा पिकामागून परदेशातून आलेला नाही. मूग, उडीद, चवळी यांवरही तो आढळतो. 1970 नंतर मध्य भारतात सोयाबीन पसरले आणि इथल्या किड्याला सलग हजारो एकर खाद्य मिळाले.

ओळखीचा प्रश्न इथे फवारणीशी जोडलेला आहे. सुकलेला शेंडा पाहून पाण्याचा ताण किंवा मर रोग समजला जातो. खापा मात्र सुकलेल्या भागाच्या खालीच दिसतात. अळी खोडात शिरल्यावर वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत फारसे पोहोचत नाही. 2017 च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. त्यामुळे निष्फळ फवारणीत केवळ पैसाच जातो असे नाही, फवारणाऱ्याचा जीवही विनाकारण धोक्यात येतो.

खापा दिसताच तो भाग खालच्या खापेखालून तोडून नष्ट करावा. पेरणी दाट करू नये. सोंगणीनंतरचे अवशेष गोळा करून उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. दिवाळीनंतर शेत मोकळे दिसते, तेव्हा पुढच्या वर्षीचा भुंगा त्याच अवशेषांत दडलेला असतो.