बास्केटबॉलमधील सारथी : घाई केव्हां, धीर केव्हां?

ज्या घरांतील मुलें अमेरिकेंत शिकावयास गेलीं आहेत, त्या घरांत मार्च महिना आला कीं बास्केटबॉलचा विषय निघाल्यावांचून राहत नाहीं. तिकडील विद्यापीठांची देशव्यापी स्पर्धा १९३९ पासून चालत आली असून तिचा भर त्याच महिन्यांत असतो. नातवंडें सामना पाहूं लागलीं कीं वडील मंडळीही शेजारीं येऊन बसतात. परंतु खेळ न कळल्यामुळें त्यांस ती निव्वळ धांवाधांव वाटते. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. पुढें लक्षपूर्वक पाहतां असें दिसून आलें कीं, ह्या धांवाधांवीस एक लय आहे आणि ती लय राखणारा एक गडी मैदानावर असतो. त्याच्याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

हा खेळ १८९१ च्या डिसेंबरांत जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें स्प्रिंगफील्ड येथें काढिला. कडाक्याच्या थंडींत मुलांस छपराखालीं खेळतां यावें म्हणून त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या उंच टांगिल्या व तेरा नियम लिहून काढिले. पुढें प्रत्येक बाजूस पांच गडी ही संख्या रूढ झाली : एक उंच सेंटर, दोन फॉरवर्ड आणि दोन गार्ड. गार्ड म्हणजे शब्दशः रक्षक. आपली टोपली राखणें हेंच त्याचें मूळचें मुख्य काम.

तें काम बदललें तें नियमांमुळें. पूर्वीं प्रत्येक टोपलीनंतर चेंडू मैदानाच्या मध्यभागीं आणून पंच तो दोन उंच गड्यांमध्यें वर उडवीत असे. १९३७ सालीं कॉलेजच्या खेळांतून ही रीत काढून टाकिली आणि ज्यांच्यावर टोपली झाली त्यांनींच आपल्या टोकाकडून चेंडू आंत घ्यावा असें ठरलें. तेव्हांपासून चेंडू बहुधा प्रथम येतो तो गार्डच्या हातीं. ९४ फूट लांबीच्या मैदानाचा अर्धा भाग त्यानें दहा सेकंदांच्या आंत ओलांडावयाचा असतो; पण ती वाट धांवत जावयाची कीं चालत, हें ठरविणें त्याच्याकडे आलें. रक्षकाचा असा सारथी झाला.

दोघांपैकीं पहिल्यास पॉइंट गार्ड म्हणतात. तो चेंडू जमिनीवर आपटीत पुढें येतो, परंतु त्याची दृष्टि चेंडूवर नसते. प्रतिपक्षाचे किती गडी परत पोंचले हें तो पाहत असतो. आपले तिघे आणि समोर दोघेच असतील तर क्षणभरही थांबतां कामा नये. पांचही जण आपापल्या जागीं उभे असतील तर मात्र धांवून जाणें म्हणजे भिंतीवर डोकें आपटणें होय. अशा वेळीं तो पाऊल आंखडतें घेतो, बोटांनीं खूण करितो, आणि आपला दमलेला सेंटर टोपलीजवळ पोंचेपर्यंत वाट पाहतो. दुसरा तो शूटिंग गार्ड. ह्याचा गुण नेमबाजी. १९८६ पासून कॉलेजच्या खेळांत सर्वत्र दूरच्या रेषेबाहेरील टोपलीस तीन गुण मिळूं लागले, तेव्हां ह्याचें महत्त्व फार वाढलें. तो कडेनें धांवून दूर उभा राहिला कीं प्रतिपक्षास एक गडी त्याच्यापाशीं गुंतवून ठेवावा लागतो आणि मधली वाट मोकळी होते. म्हणजे चेंडूस हात न लावतांही तो खेळास गति देतो.

आतां गतीचें गणित पाहूं. चेंडू आळीपाळीनें दोन्ही पक्षांकडे जात असल्यामुळें दोघांस मिळणाऱ्या संधि जवळजवळ सारख्याच असतात. तेव्हां नुसत्या वेगानें कोणीही जिंकत नाहीं. प्रत्येक संधीमागें किती गुण पदरीं पडले, ह्यावरच निकाल लागतो. तथापि एक सूक्ष्म गोष्ट आहे. नाणें पांच वेळां उडविलें तर चार वेळां छाप पडणें फारसें नवल नव्हे. शंभर वेळां उडविलें तर ऐशीं वेळां छाप पडणें अशक्यप्राय. म्हणजे संधि जितक्या थोड्या, तितका दैवाचा वांटा मोठा. म्हणून दुबळा पक्ष खेळ संथ करितो. १९९६ सालीं पीट कॅरिल ह्यांच्या प्रिन्स्टननें आदल्या वर्षींच्या विजेत्या यूसीएलए संघास ४३-४१ असें हरविलें तें ह्याच युक्तीनें. उलट टोंकाचें उदाहरण लॉयोला मेरीमाउंटचें. १९८९-९० च्या हंगामांत त्या संघानें सामन्यामागें सरासरी १२२.४ गुण केले. एक विलंबित, दुसरा द्रुत, दोन्ही गाणींच.

परंतु संथपणासही मर्यादा हवी. १९७३ च्या डिसेंबरांत टेनेसीनें टेम्पलवर ११-६ असा विजय मिळविला. चाळीस मिनिटांत दोघांचे मिळून सतरा गुण! नॉर्थ कॅरोलायनाचे गुरु डीन स्मिथ ह्यांनीं तर चार गडी चार कोपऱ्यांत उभे करून मधल्या गार्डनें चेंडू खेळवीत राहावें, अशी रीतच बसविली होती. फिल फोर्ड हा गार्ड तींत विशेष नांवाजला. १९८२ सालीं त्यांच्या विभागाच्या अंतिम सामन्यांत ह्याच संघानें अखेरचीं कित्येक मिनिटें चेंडू राखून व्हर्जिनियास ४७-४५ असें हरविलें, तेव्हां मोठी टीका झाली. अखेर १९८५-८६ पासून पुरुषांच्या सामन्यांत ४५ सेकंदांत नेम धरलाच पाहिजे असा निर्बंध आला. १९९३ सालीं तो ३५ वर आणि २०१५ सालीं ३० वर आणिला.

ह्यामुळें खेळांतील बुद्धि गेली, असें कांहीं जाणते म्हणत. आमचें मत तसें नाहीं. संधीची वाट पाहणें हा धीर. पण समोरच्यास खेळूंच न देणें हा धीर नव्हे, ती टाळाटाळ. नियमानें टाळाटाळ बंद केली, धीर बंद केला नाहीं. तीस सेकंद हा काळ विचारी मनुष्यास पुष्कळ आहे.

ह्या दोन्ही गुणांची साक्ष व्हिलानोव्हा ह्या एकाच विद्यापीठाच्या दोन अंतिम सामन्यांत मिळते. पहिला १ एप्रिल १९८५ चा. समोर गतवर्षींचा विजेता जॉर्जटाउन. त्या स्पर्धेंत सेकंदांचा निर्बंध नव्हता. व्हिलानोव्हानें घाई केली नाहीं. साऱ्या सामन्यांत अवघे २८ नेम धरिले, त्यांतील २२ साधले, आणि ६६-६४ असा जय मिळविला. दुसरा ४ एप्रिल २०१६ चा, नॉर्थ कॅरोलायनाशीं. त्यांच्या मार्कस पेज नांवाच्या गार्डनें तीन गुणांची टोपली करून ७४-७४ अशी बरोबरी साधली तेव्हां ४.७ सेकंद उरले होते. क्रिस जेन्किन्सनें चेंडू आंत टाकिला तो रायन आर्चिडियाकोनो ह्या गार्डकडे. हा त्याचा कॉलेजमधील शेवटचाच सामना. चेंडू हातांत, जगाची दृष्टि त्याच्यावर. स्वतः नेम धरिला असता तर कोणीही दोष दिला नसता. तो वेगानें मैदान ओलांडून गेला, आणि मागून धांवत येणाऱ्या जेन्किन्सच्या हातीं त्यानें चेंडू अलगद दिला. चेंडू आंत टाकणाराकडे कोणाचें लक्षच राहिलें नव्हतें. टोपली झाली, ७७-७४.

महाभारतांत कर्णास शल्य सारथी मिळाला. अश्वविद्येंत तो निपुण होता, पण त्याचें मन रथ्याशीं एक नव्हतें; परिणाम सर्वश्रुत आहे. घोडे हांकण्याचें कौशल्य एक आणि दुसऱ्याच्या विजयांत आपला विजय पाहणें दुसरें. ४.७ सेकंदांत आर्चिडियाकोनोनें दोन्ही दाखविलीं. चार वर्षांच्या सरावावांचून तेवढ्या वेळांत इतका विवेक सुचत नाहीं.

म्हणून आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस एक विनंति आहे. पुढल्या मार्चांत नातवंडांशेजारीं बसाल तेव्हां चेंडूमागें डोळे फिरवूं नका. चेंडू आणणाऱ्या मुलाकडे पाहा. तो केव्हां धांवतो, केव्हां थांबतो, आणि कोणासाठीं थांबतो, एवढें पाहिलें तरी पुरे. मग ती धांवाधांव वाटणार नाहीं.