तंतू आणि राळ यांच्या सीमेवरचा बंदोबस्त

हुबळीहून गदगला आणि तेथून दक्षिणेस कप्पतगुड्डाच्या टेकड्यांकडे निघालेल्या प्रवाशाला ज्या पवनचक्क्या दिसतात, त्यांची पांढरी पाती पत्र्याची असावीत असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ती काचेच्या तंतूंची आणि इपॉक्सी किंवा तत्सम राळेची घडविलेली असतात. आणि एवढ्या अवाढव्य वस्तूचे आयुष्य केसाहून बारीक अशा तंतूला राळ किती इमानाने धरून राहते यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते. पाते मिनिटाला १५ फेरे घेते असे धरले आणि वारा बारमाही साथ देतो असे मानले, तर वर्षाला सुमारे ७९ लाख व २० वर्षांत १५ कोटींहून अधिक फेरे भरतात; आणि दर फेऱ्यात पात्याची प्रत्येक कड स्वतःच्या वजनाने एकदा ताणली व एकदा दाबली जाते.

सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हुबळीस जो कारखाना काढला, तेथे पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाशी झुंजलेल्या कारागिरांना धातूचा स्वभाव ठाऊक असतो. लोखंड गंजते, वाकते, तडकते, आणि बहुधा आधी सूचना देते. तंतुप्रबलित संमिश्राची, म्हणजे तंतू आणि राळ यांच्या जोडपदार्थाची, गोष्ट निराळी. त्याचे थर आतल्या आत सुटतात आणि बाहेरून पृष्ठभाग चकचकीतच राहतो. म्हणून अत्याधुनिक उपकरणांच्या या काळातही तपासनीस एखादे नाणे घेऊन पृष्ठभागावर ठोकत जातो, व खणखणीत नादाऐवजी बद्द आवाज आला की तेथे खूण करतो. चाकावर हातोडी मारून दोष ओळखणाऱ्या रेल्वेच्या जुन्या माणसाला ही विद्या नवी वाटणार नाही.

मुळात तंतूच का घ्यायचे, या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील ग्रिफिथ या अभियंत्याने १९२० साली दिले. काचेचा तंतू जसजसा बारीक ओढावा तसतसे त्याचे बळ वाढते, असे त्याला आढळले. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या काचेपेक्षा तीन-साडेतीन मायक्रॉन जाडीचा तंतू दर चौरस एककामागे जवळजवळ वीसपट ताण सोशीत होता, कारण बारीक तंतूत मोठ्या भेगेला थाराच नसतो. परंतु सुटा तंतू एकट्याने साऱ्या वस्तूचा भार पेलू शकत नाही. भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचविण्याचे काम राळेचे, आणि ही देवघेव दोहोंच्या स्पर्शरेषेवर, म्हणजे अंतःपृष्ठावर, होते. ती पकड दुबळी असेल तर तंतू कितीही बलवान असला तरी राळेतून सुळकन निसटून येतो, आणि त्याच्या बळाचा उपयोग शून्य.

धारवाडजवळच्या गरग गावी राष्ट्रध्वजाच्या खादीचे विणकाम चालते. सुती ताणा मागावर चढविण्यापूर्वी त्यास खळ देऊन पाजणी करतात, त्याच न्यायाने, राळेची पकड घट्ट व्हावी म्हणून, काचतंतू कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच त्याच्यावर पातळ लेप चढतो. त्यातील सिलेन नावाच्या रेणूचे एक टोक काचेशी व दुसरे राळेशी बांधले जाते. अब्जांश, म्हणजे नॅनो, पदार्थांचे लेप म्हणजे याच जुन्या तजविजीचा पुढचा हप्ता होय; एरवी ‘नॅनो’ या शब्दाभोवती जे जादूचे वलय उभे केले जाते, त्याचे मला फारसे कौतुक नाही.

कार्बनतंतूचा पृष्ठभाग गुळगुळीत व रासायनिकदृष्ट्या उदासीन असल्यामुळे पकडीची अडचण तेथे अधिक तीव्र होते. थॉस्टेन्सन आणि चाऊ यांच्या गटाने २००२ साली कार्बनतंतूवरच कार्बनच्या अब्जांश नळ्या उगवून दाखविल्या; तंतूभोवती बारीक लव उठावी तशा या नळ्या राळेत रुततात आणि निसटू पाहणाऱ्या तंतूस अडवितात. मात्र हे काम सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या उष्णतेत होते, उत्प्रेरक म्हणून लावलेले लोखंड तंतूच्या कार्बनलाच पोखरू लागते, आणि पकड सुधारताना तंतूच दुबळा होतो. यावर हेन्री सोडॅनो व सहकाऱ्यांनी २००९ साली जस्त-ऑक्साइडच्या तारा नव्वद अंशांहून कमी तापमानाच्या पाण्यातील विद्रावात उगविल्या. तंतूचे नुकसान टळले आणि त्यांच्या मापनानुसार अंतःपृष्ठाचे कर्तनबल दुपटीहून अधिक झाले. तिसरी वाट ग्रॅफीन ऑक्साइडची. त्याचे ऋणभारित पापुद्रे पाण्यात तरंगत ठेवायचे, त्यात तंतू धनाग्र म्हणून सोडायचे, आणि वीज लावली की ते पापुद्रे आपण होऊन तंतूला चिकटतात. हेच पदार्थ राळेत मिसळण्याचा मोह साहजिक आहे. पण मग गुठळ्या होतात, राळ घट्ट होते, आणि तंतूंच्या विणीतून गाळली जाऊन पदार्थ एकीकडेच साचतो.

लेपाचे यश मोजण्याची एक साधी रीत अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहज करता येते. जाडीच्या सुमारे चौपट अंतरावर ठेवलेल्या दोन रुळांवर पट्टीचा आखूड तुकडा ठेवून वरून मध्यावर भार देत जायचे; पकड दुर्बळ असेल तर तुकडा खालून तुटत नाही, कडेने पाहता मधल्या थरातच आडवी फट पडते. परंतु पकड अतोनात वाढविणेही हिताचे नाही. तंतू थोडा निसटतो तेव्हाच आघाताची ऊर्जा खर्ची पडते. ती सोयच बंद केली तर भेग तंतूंना आरपार छेदीत सरळ जाते आणि वस्तू काचेसारखी फुटते. शिवाय कार्बनच्या लांब, ताठ अब्जांश नळ्या श्वासावाटे शरीरात गेल्या तर अ‍ॅस्बेस्टॉससारखा उपद्रव करू शकतात, असा इशारा उंदरांवरील प्रयोगांनी २००८ साली दिला आहे. कारखान्यातील मजुराच्या संरक्षणाचा बंदोबस्त आधी आणि लेपाची जाहिरात नंतर, हा क्रम मला तरी अपरिहार्य वाटतो.

तेव्हा ‘बळ दुप्पट झाले’ असा मजकूर वाचनात आला, तर वाचकाने आधी विचारावे, बळ कोणाचे: एका तंतूच्या अंतःपृष्ठाचे, की साऱ्या पात्याचे? आणि ते पावसाळ्यातील ओलाव्याने काचतंतूवरील बंध सैल करण्यापूर्वी मोजले, की नंतर?