चाल कुणाची आणि कमाई कुणाची?

संगीत नाटकांची जुनी पुस्तके ज्यांनी चाळली असतील, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. बहुतेक पदांच्या माथ्यावर राग-तालाबरोबर 'चाल' म्हणून एक ओळ छापलेली असे. हे पद अमक्या कानडी गाण्याच्या चालीवर आहे, ते तमक्या लावणीच्या वळणावर आहे, असे नाटककार वाचकाला आपण होऊन सांगत असे. १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी कानडी पदांपासून साकी-दिंडीपर्यंत जिथे गोड चाल सापडली तिथून ती घेतली. १९१६ सालच्या 'स्वयंवरा'ची पदे भास्करबुवा बखल्यांनी ख्यालगायकीतल्या चिजांच्या आधाराने बांधली. या उसनवारीबद्दल त्यांना कोणी चोर म्हटले नाही, कारण जे घेतले ते उघडपणे आणि मुळाचा उल्लेख करून घेतले. तेव्हा नोटीस नव्हती, वकील नव्हता. होती ती फक्त एक ओळ. आज नोटीस आहे, वकील आहे, कोर्टही आहे. ती ओळ तेवढी नाहीशी झाली आहे!

आज कोणत्याही तरुणाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. तो एखादे जुने भावगीत गिटारवर गातो आणि घटकेत ते जगभर धाडतो. अशा पुन्हा गायलेल्या गाण्याला 'कव्हर' म्हणतात. दुसरा कोणी मूळ तबकडीतला आवाजाचा तुकडाच कापून आपल्या नव्या गाण्यात चिकटवतो, त्याला 'सॅम्पल' म्हणतात. दोन्ही प्रकार सर्रास चालतात, आणि 'सात सेकंदांपर्यंत घेतले तर चालते' किंवा 'पैसे मिळवायचे नसतील तर परवानगी लागत नाही' अशा समजुती सुशिक्षितांतही पसरल्या आहेत. आमच्या कायद्यात सात सेकंदांची अशी सवलत कोठेही नाही. हौशी मंडळाने बिनतिकिटाच्या श्रोत्यांपुढे गाणे म्हटले तर कायदा त्याला आडवा येत नाही, हे खरे. परंतु ती सवलत समोर बसलेल्या श्रोत्यांपुरती आहे. गाणे ध्वनिमुद्रित करून साऱ्या जगाला वाटणे ही गोष्ट निराळी.

घोटाळ्याचे मूळ असे की, ज्याला आपण एक गाणे म्हणतो त्यात निदान तीन मालमत्ता असतात. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि ध्वनिमुद्रण तिसऱ्याचे. 'गीतरामायणा'चेच उदाहरण घ्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते प्रथम घरोघरी पोहोचले. ग. दि. माडगूळकर १९७७ साली निवर्तले आणि सुधीर फडके २००२ साली. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, या हिशेबाने गदिमांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि बाबूजींच्या चाली २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षे पुन्हा त्याच्या प्रकाशनापासून वेगळी मोजायची. तुकोबांचे अभंग साऱ्या जगाचे आहेत. पण श्रीनिवास खळ्यांनी त्यांना लावलेल्या चाली तशा नाहीत. राग कुणाच्या मालकीचा नसतो, परंतु त्या रागातून कुणी घडवलेली चाल ही त्याची निर्मिती असते. हा विवेक सुटला की भक्तीच्या नावाखालीही दुसऱ्याचे उचलले जाते.

कव्हर करणाऱ्याची वाट कायद्याने अगदीच बंद केलेली नाही. १९५७ च्या कायद्यात, एकदा ध्वनिमुद्रित झालेले गाणे नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून दुसऱ्यानेही मुद्रित करण्याची मुभा होती. १९८० नंतर कॅसेटी स्वस्त झाल्या आणि या मुभेच्या आधाराने जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजांतल्या आवृत्त्यांचा पूर आला. १९९४ साली दोन वर्षे थांबण्याची अट आली. २०१२ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षांची केली. शिवाय निकडीखेरीज चालीत वा शब्दांत फेरफार करायचा नाही, वेष्टनावर मूळ गायकाचे नाव किंवा छबी छापून गिऱ्हाइकाला फसवायचे नाही, आणि हे कव्हर आहे असे स्पष्ट लिहायचे, हे बंधन घातले. सॅम्पलला मात्र ही वाट मुळीच खुली नाही. तेथे ध्वनिमुद्रणाचा मालक आणि शब्द-चालींचे मालक, सर्वांची अनुमती घेतलीच पाहिजे.

उचलेगिरी अंगाशी येते, हे मुंबईने पाहिले आहे. २००८ साली संगीतकार राम संपत यांनी आपण एका जाहिरातीसाठी बांधलेली चाल 'क्रेझी ४' या चित्रपटात घेतल्याची तक्रार मुंबई उच्च न्यायालयात केली. न्यायालयाने ती ग्राह्य मानली आणि चित्रपट अडू नये म्हणून निर्मात्याला दोन कोटी रुपयांची तडजोड करावी लागली. आधी विचारले असते तर?

परंतु कायदा ज्याचे रक्षण करतो तो नेहमी कलावंतच असतो, या भ्रमात कोणी राहू नये. १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटात लता मंगेशकरांनी गायिलेले 'थोडा रेशम लगता है' हे गाणे २००२ साली एका अमेरिकन गायिकेच्या तबकडीत न विचारता वापरले गेले. संगीतकार बप्पी लाहिरी तेथील न्यायालयात गेले, आणि त्यांचे नाव छापल्याखेरीज तबकडी विकू नये असा आदेश २००३ साली त्यांनी मिळवला. पुढे खटला लांबला आणि निष्पन्न काय झाले? ही चाल लाहिरी यांनी निर्मात्यासाठी मोबदला घेऊन केलेली असल्याने तिचे मालक ते नव्हेतच! ज्याने चाल जन्माला घातली त्याचाच दावा मालकी नाही म्हणून फेटाळला गेला. यात नवल वाटायला नको. चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, निर्माता होय, असा निर्णय आमच्या सर्वोच्च न्यायालयानेच १९७७ साली दिला होता. त्याच वेळी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गाणाऱ्या गळ्याला कायद्यात स्थान नसल्याची खंत नोंदवली होती. गायकाला रॉयल्टी हवी, ही लताबाईंची मागणी तर १९६० नंतरच्या दशकातली. तिच्यापायी त्यांचे आणि महंमद रफींचे एकत्र गाणे काही वर्षे बंद पडले. प्रत्यक्षात कलावंतांचा हक्क आमच्या कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीचा वाटा त्यांच्याकडून करारानेही काढून घेता येणार नाही असे ठरवले, हे योग्यच झाले. परंतु त्याच दुरुस्तीने कव्हर करणाऱ्यावर दरवर्षी निदान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरण्याचे ओझे टाकले आहे. मोठ्या कंपनीला ते जड नाही. एक मराठी भावगीत मनापासून गाऊ पाहणाऱ्या पदवीधर मुलीला ते कसे पेलावे? विशिष्ट भाषेच्या किंवा बोलीच्या प्रसाराचा विचार करून हा आकडा कमी करता येईल, अशी तरतूद त्याच कलमात आहे. तो अधिकार कॉपीराइट मंडळाला दिला होता. ते मंडळ २०१७ साली दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन झाले आणि २०२१ साली ते न्यायाधिकरणही बरखास्त झाले! आमची मागणी स्पष्ट आहे. मराठीसारख्या भाषांसाठी हा आकडा खाली आणावा आणि एकट्या गायकाला परवडेल अशा दरात, एकाच ठिकाणी परवानगी मिळण्याची सोय करावी. प्रामाणिकपणाची वाट इतकी बिकट ठेवायची आणि मग लोक आडवाटेने जातात म्हणून हळहळायचे, हा न्याय नव्हे.

तथापि सरकारची वाट पाहत न बसता एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. कायद्याचे ५७ वे कलम सांगते की, हक्क विकले तरी आपल्या कृतीवर आपले नाव सांगण्याचा कर्त्याचा अधिकार विकला जात नाही. पैशांचा मालक बदलतो. जन्मदाता बदलत नाही. म्हणून गाणाऱ्याने परवानगी तर घ्यावीच, पण गाण्याच्या माथ्यावर शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि प्रथम कोण गायले, हे न चुकता लिहावे. नाव लिहिल्याने परवानगीची गरज टळत नाही. पण परवानगी घेतल्याने नाव लिहिण्याचे कर्तव्यही संपत नाही. आणि ऐकणाऱ्यानेही ते नाव वाचल्याखेरीज वाहवा करू नये. किर्लोस्करांच्या काळी कोणत्याही कलमाची सक्ती नसताना ही रीत पाळली जात होती. ती एक ओळ पुन्हा छापायला मराठी माणसाला कसली अडचण आहे?