छोट्या मोटारीतला खर्ज

माझदा एमएक्स-५ ही १९८९ साली आलेली दोन आसनांची, उघडणाऱ्या टपाची मोटार. तिच्यात सबवूफर बसवायचा तर पहिला प्रश्न जागेचा. डिकी सोयीची वाटते, पण डिकी आणि आसनांच्या मध्ये पत्रा आहे. बराचसा खर्ज तिथेच अडतो आणि नंबरप्लेट तेवढी थरथरते. त्यापेक्षा शेजारच्या आसनापुढे, पाय ठेवतात तिथे, छोटा बंद खोका बसवणं मला केव्हाही योग्य वाटतं. टप उघडा असताना वाऱ्याचा आणि टायरचा आवाज खालचे स्वर गिळून टाकतो, म्हणून अशा गाडीला सबवूफरची खरी गरज आहे.

सबवूफर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज बॅटरीतून येते, आणि पहिल्या पिढीच्या गाडीत बॅटरी डिकीतच असते. तरीही बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवाच. तो तारेच्या रक्षणासाठी असतो: जाड तार घासून पत्र्याला टेकली तर आग लागू शकते. तारेच्या जाडीतही काटकसर नको. ३०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात तीसेक अँपिअर ओढतो, बारीक तार तापते. सिग्नलची तार मात्र गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी, नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिटी गाण्यात मिसळण्याचा धोका असतो.