मुलांच्या कानी पडणारे शब्द



मुलांनी खरे बोलावे, गोड बोलावे असा उपदेश आपण सारेच करतो. परंतु दारी कोणी आले की, ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग,’ असे शिकवून मुलाला बाहेर धाडणारेही आपणच असतो. मूल तो उपदेश विसरते. हे वाक्य मात्र विसरत नाही.

याचे कारण उघड आहे. मूल भाषा शिकते ती नियमांनी नव्हे, कानांनी. शब्दाचा अर्थ कळण्यापूर्वीच त्यातला सूर त्याला कळतो. कोणाशी आदराने बोलावयाचे आणि कोणावर खेकसावयाचे, हेही ते आपल्याकडे पाहूनच ठरविते.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात ही गोष्ट विशेष ध्यानी येते. येथे एकाच गावात कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी उर्दू, तर डोंगरातल्या पाड्यांवर गोंडी आणि कोलामी. कोणत्या बोलीला वडील माणसे मान देतात व कोणत्या बोलीला हसतात, हे येथील मूल फार लवकर ओळखते.

माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगते. दुसरीच्या वर्गात एका गोंड मुलाने माझ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या बोलीत दिले. मी घाईत होते. ‘नीट बोल! हे काय रानातले बोलणे?’ असे मी बोलून गेले आणि विसरलेही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी त्याच मुलाला तेच शब्द ऐकवीत होती. हात कमरेवर, मान किंचित तिरपी, अगदी माझ्यासारखी! तो मुलगा पुढे कितीतरी दिवस वर्गात बोललाच नाही. तिला मी काय म्हणून रागवावे? शब्द माझेच होते.

शेवटी एके सकाळी वर्गापुढे मी म्हटले, ‘त्या दिवशी बाईंचे चुकले.’ मग त्या मुलाला विचारले, ‘पाण्याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ तो हळूच म्हणाला, ‘येर.’ सगळ्या वर्गाने तो शब्द म्हटला, मीही म्हटला. त्यानंतर त्याची वाचा हळूहळू मोकळी झाली.

या गोष्टीचा एक मोठा धडा याच भूमीत पूर्वी घालून दिलेला आहे. 1940 साली जोडेघाट येथे कुमरम भीम गोळीबारात मारला गेला. पुढे निजाम सरकारच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ येथील गोंडांचा अभ्यास करावयास आले आणि त्यांच्या प्रयत्नाने 1943 मध्ये मारलवाई येथे गोंड मुलांसाठी शाळा निघाली. तेथे गोंड तरुणच शिक्षक म्हणून तयार करण्यात आले आणि गोंडी भाषेची पुस्तके देवनागरी लिपीत छापण्यात आली. गुरुजींच्या तोंडून आपल्या आईची भाषा ऐकणाऱ्या मुलाला, ‘तुझ्या बोलीलाही येथे स्थान आहे,’ हे निराळे सांगावे लागत नाही.

मग आपण करावे तरी काय? शेजाऱ्याविषयी त्याच्या माघारी बोलताना, मूल जवळच खेळते आहे हे स्मरावे. घरी काम करणाऱ्या बाईंना आपण ‘अहो’ म्हटले, तर मूलही म्हणेल. मुलाने पाणी आणून दिले, तर त्याचे कौतुक करावे. आणि चुकल्यास, ‘माझे चुकले,’ असे मुलाच्या देखत म्हणावयास लाजू नये. चूक कबूल करणारा वडील मुलाच्या दृष्टीने लहान होत नाही. चूक कशी सुधारावी, हे मात्र ते मूल त्याच क्षणी शिकते.

आज रात्री जेवताना आपल्या घरातील मुलांचे बोलणे जरा लक्ष देऊन ऐका. त्यात आपलेच शब्द आपल्याला भेटतील. ते ऐकून समाधान वाटावे, एवढी काळजी आपण आजपासून घेऊ या.