बचावाचा वस्ताद

फुटबॉलचा सामना पाहून परतणाऱ्या माणसास सामना कसा झाला असे विचारले, तर तो गोल कोणी केले ते सांगतो. जे गोल होऊ शकले असते पण झाले नाहीत, ते त्याच्या स्मरणात राहत नाहीत. बचाव हे असे खाते आहे, की त्याची तूट तेवढी सर्वांच्या नजरेस येते. शिल्लक कोठेच मांडली जात नाही. म्हणूनच एखाद्या महाविद्यालयास आपल्या संघासाठी मार्गदर्शक नेमावयाचा असला, म्हणजे गोलांचा पाऊस पाडणारा जुना खेळाडू आधी आठवतो. बचावफळीत आयुष्य घालविलेला माणूस सहसा आठवत नाही.

अमेरिकेतील विद्यापीठांत फुटबॉल या नावाने एक निराळाच खेळ खेळतात. त्यात चढाईचे अकरा खेळाडू वेगळे व बचावाचे अकरा वेगळे असतात. त्यामुळे बचावासाठी स्वतंत्र मार्गदर्शक नेमण्याची तेथे रीतच आहे. आपल्या फुटबॉलमध्ये तेच अकरा जण दोन्ही कामे करतात, आणि संघाची सूत्रे बहुधा एकाच मार्गदर्शकाच्या हाती असतात. तो एक कोणता असावा, या प्रश्नाचे एक बोलके उत्तर बेंगळूरू शहरात मिळते.

२०१३ साली तेथे बेंगळूरू एफसी हा व्यावसायिक संघ स्थापन झाला. पाठीशी परंपरा नाही, खेळाडू एकमेकांस नवखे, अशी स्थिती होती. संचालकांनी पहिला मार्गदर्शक म्हणून ॲश्ली वेस्टवुड या ३६ वर्षांच्या इंग्रज गृहस्थास नेमले. मँचेस्टर युनायटेडच्या तरुण खेळाडूंत ते तयार झाले होते. पुढे क्रू, ब्रॅडफर्ड, शेफील्ड वेन्सडे अशा संघांतून ते खेळले, ते बचावपटू म्हणून. त्यांच्या संघात इंग्लंडचा जॉन जॉन्सन आणि केनियाचा कर्टिस ओसानो हे दोन परदेशी बचावपटू आले. पहिल्याच मोसमात, एप्रिल २०१४ मध्ये, मडगावच्या फातोर्डा मैदानावर डेम्पो संघास ४-२ असे हरवून या नव्या संघाने आय-लीगचे विजेतेपद मिळविले. बचाव शिकविणारा मार्गदर्शक खेळाडूंना चढाई विसरावयास लावतो, ही समजूत त्या चार गोलांनीच खोटी ठरविली.

असा माणूस शिकवितो तरी काय? तालमीतला वस्ताद डावाबरोबर त्याची तोडही शिकवितो. समोरच्याचा पाय कोठे पडला म्हणजे कोणता डाव येणार, हे तो पाहताक्षणी ओळखतो. बचावाचेही तसेच आहे. नवशिका बचावपटू चेंडूवर झेप घेतो व फसतो. जाणता बचावपटू अंग किंचित तिरके ठेवून मागे सरकतो, प्रतिस्पर्ध्यास कडेकडे ढकलतो आणि साथीदार येईपर्यंत वेळ काढतो. एक जण चेंडूकडे गेला, की दुसऱ्याने त्याच्या पाठीमागची जागा भरावयाची असते. कबड्डीतील साखळी जशी एकाच्या घाईने तुटते, तशीच चौघांची ही फळीही तुटते.

या फळीच्या हाती ऑफसाइडचा नियम हे मोठे शस्त्र आहे. चढाई करणाऱ्याकडे चेंडू टाकला जातो त्या क्षणी तो प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात, चेंडूच्या व शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे असेल, तर त्यास त्या चेंडूवर खेळता येत नाही. १९२५ पर्यंत ही मर्यादा शेवटून तिसऱ्या प्रतिस्पर्ध्यापाशी होती. ती सैल होताच गोल भराभर होऊ लागले, तेव्हा आर्सेनल संघाचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधला खेळाडू मागे घेऊन बचावात तिसरा गडी उभा केला. चौघांनी एकाच क्षणी पुढे सरकून प्रतिस्पर्ध्यास ऑफसाइडमध्ये सापडविणे, हे आजही मुख्यतः सरावाचेच काम आहे.

परंतु एक प्रसंग असा आहे, की तेथे हे शस्त्र म्यानातच राहते. तो म्हणजे कॉर्नर. कोपऱ्यातून थेट आलेल्या चेंडूस ऑफसाइड लागू होत नाही. गोलसमोर गर्दी होते, चेंडू हवेतून येतो, आणि कोण कोणास धरणार, जवळच्या खांबाशी कोण उभा राहणार, हे आधी ठरलेले नसेल तर पळभरात अनर्थ होतो.

बेंगळूरूच्या संघाने हा अनर्थ दोनदा भोगला. ३१ मे २०१५ रोजी कंठीरवा क्रीडांगणावर आय-लीगचा शेवटचा सामना मोहन बागानशी होता. बागानला बरोबरी पुरेशी होती, बेंगळूरूला विजयच हवा होता. जॉन्सनने गोल केला आणि ती आघाडी ८७ व्या मिनिटापर्यंत टिकली. त्या मिनिटास कॉर्नरवरून आलेला चेंडू बागानच्या बेलो रझाकने डोक्याने जाळ्यात धाडला. बरोबरी झाली आणि विजेतेपद गेले. पुढे १७ मार्च २०१८ रोजी, याच मैदानावर, इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात चेन्नईयिन संघाच्या मेल्सन आल्व्हेस या बचावपटूने दोन कॉर्नरांवर दोन गोल केले आणि बेंगळूरू २-३ असे हरले.

संचालकांची खरी कसोटी अशा वेळी लागते. २०१५ च्या पराभवानंतर त्यांनी वेस्टवुड यांस काढले नाही; पुढच्याच मोसमात त्यांच्या हाताखाली संघाने आय-लीग पुन्हा जिंकली. २०१८ च्या मोसमानंतर मुख्य मार्गदर्शक आल्बर्ट रोका यांनी संघ सोडला, तेव्हा ती जागा त्यांचेच सहायक कार्लेस क्वाद्रात यांस देण्यात आली. पराभव ज्याने जवळून पाहिला, त्याच्याच हाती संघ राहिला. बरोबर एका वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, मुंबईतील अंतिम सामन्यात गोव्याविरुद्ध जादा वेळाच्या अखेरीस बेंगळूरूला कॉर्नर मिळाला, आणि राहुल भेके या मुंबईकर बचावपटूने डोक्याने एकमेव गोल केला.

महाविद्यालयाजवळ एवढा पैसा नसतो हे खरे. पण त्याची गरज अधिक आहे. तेथील खेळाडू तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. मागे राहतो तो मार्गदर्शकच. तेव्हा नेमणूक करताना उमेदवाराची पदके मोजण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: तो स्वतः बचावात खेळला आहे काय, जे अंगवळणी पडले ते त्यास शब्दांत सांगता येते काय, आणि मुले पुनःपुन्हा चुकली तरी तेच शिकविण्याची चिकाटी त्याच्यापाशी आहे काय. चौथा प्रश्न मात्र नेमणूक करणाऱ्यांनी स्वतःस विचारावयाचा आहे: एखाद्या ८७ व्या मिनिटास सामना हातचा गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसास मैदानावर पुन्हा उभे राहू देण्याची आपली तयारी आहे काय?