गाडी पाणी पेली

गडचिरोली जिल्ह्यातले पेरमिली चार-पाच किलोमीटरवर असताना पिकअपने दोन झटके मारले. चालकाने गिअर खाली आणला, ॲक्सिलरेटर दाबला, पण गाडी उचलेना. पांढरा धूर सोडत ती रस्त्याच्या कडेला थांबली. जुलै महिना होता, मागे तांदळाची पोती, वर ताडपत्री, दोन्ही बाजूंना सागाचे उभे जंगल आणि फोनला रेंज नाही. मीटरवर एक पिवळा दिवा लागला होता. चालकाच्या म्हणण्यानुसार तो ‘तीन दिवसापासून जळत’ होता. फिल्टरच्या चित्राखाली थेंब दाखवणारा तो दिवा डिझेलमध्ये पाणी आल्याचा इशारा असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

एका दुचाकीस्वाराबरोबर निरोप धाडला. दोन तासांनी आलापल्लीहून मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडले आणि पाण्याची रिकामी बाटली मागितली. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून त्याने बाटली खाली धरली. आधी गढूळ, दुधाळ असे काहीतरी आले, मग पिवळसर डिझेल. त्याने बाटली बॉनेटवर ठेवली आणि आम्ही पाहत राहिलो. पाचेक मिनिटांत बाटलीत दोन थर झाले. खाली तीन बोटे पाणी, वर डिझेल आणि मधल्या रेषेवर काळसर, शेवाळासारखा पापुद्रा. “भाऊ, गाडीनं हवा नाही घेतली,” तो म्हणाला, “पाणी पेली गाडी.”

त्या बाटलीतला मधला काळा पापुद्रा मला तेव्हा समजला नव्हता. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात, त्या रेषेवर बुरशी आणि जीवाणू वाढतात. त्यांना जगायला पाणी लागते आणि खायला डिझेल मिळते. हाच बुळबुळीत थर सुटून फिल्टरच्या कागदावर बसतो आणि नवा फिल्टर आठवड्याभरात तुंबतो. आपल्याला वाटते, फिल्टर खराब निघाला. खरा दोष टाकीच्या तळाशी असतो.

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर आणि त्यातला सुमारे सत्तर टक्के भाग जंगलाखाली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून भामरागड सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर. या अंतरात पिकअप म्हणजे तेंदूपत्त्याचे पोते, धान, आठवडी बाजार, लग्नाचे वऱ्हाड आणि वेळप्रसंगी बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी गाडी. पुण्या-मुंबईत गाडी बंद पडली तर उशीर होतो. इथे बंद पडली तर रात्र रानात काढावी लागते. म्हणून इंधन गाळण्याच्या यंत्रणेवर एवढे सविस्तर लिहितो आहे.

ही काळजी आजच का वाढली, ते पाहू. जुन्या पिकअपला, ट्रॅक्टरला आणि किर्लोस्करच्या पंपसंचाला पाण्याची थोडी चूक पोटात घालता येत असे. त्या इंजिनांच्या नोझलचा दाब साधारण दोनशे बारच्या आसपास. फिल्टरची दोन भांडी शेजारी शेजारी असत, एकात कापडी आणि दुसऱ्यात कागदी. शेतकरी ती उघडी करून स्वतः धुवायचा. आता गाड्या कॉमन रेल आहेत. त्यात डिझेल सोळाशे बार किंवा त्याहूनही जास्त दाबाने इंजेक्टरपर्यंत पोचते. कारच्या टायरमध्ये आपण जी हवा भरतो, तिच्या सातशेपट दाब झाला हा. इंजेक्टरच्या आत एकमेकांवर सरकणाऱ्या भागांमधली फट एक ते तीन मायक्रॉन असते. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास. डोळ्यांना न दिसणारा पाच मायक्रॉनचा कण या फटीत शिरला, तर वाळूचा मारा केल्यासारखा धातू खातो. पाणी तर दोन्हीकडून मारते: पंप आणि इंजेक्टर यांना वंगण डिझेलच पुरवते, ते काम पाणी करत नाही, आणि तापलेल्या टोकाशी पाण्याची वाफ होऊन फटका बसतो. नाशिकला सातपूरच्या बॉश कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. पूर्वी लोक त्याला ‘मायको’ म्हणत, अजूनही म्हणतात. इतक्या काटेकोर मापाची वस्तू आपण पेरमिलीच्या चिखलात घेऊन जातो.

इंधनही बदलले. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 डिझेल आले, त्यात गंधकाची मर्यादा 50 पीपीएम. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, मर्यादा 10 पीपीएम. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही काही प्रमाणात जातो, म्हणून कंपन्या त्यात वेगळे घटक मिसळतात. तेही पुरेसे असते, पण त्यात रॉकेल आले की उरलासुरला वंगणपणा उडतो. रॉकेल-भेसळीची शंका आली तर पंपावर घनता मोजून मागावी. ग्राहकाला तो अधिकार आहे. 15 अंश सेल्सिअसला आणलेली घनता त्या दिवसाच्या नोंदीपेक्षा घनमीटरला तीन किलोहून जास्त वेगळी निघाली, तर ते डिझेल घेऊ नये.

पाणी टाकीत येते कसे? पंपावरूनच येते, असे सगळे म्हणतात. पण ते बऱ्याच वेळा आपणच आणतो. इंजिनाला जेवढे लागते, त्याहून बरेच जास्त डिझेल पंप ओढतो आणि उरलेले गरम होऊन टाकीत परत जाते. गरम डिझेलमध्ये पाणी थोडे जास्त विरघळते. रात्री टाकी थंड झाली की ते पाणी बाहेर पडते आणि तळाशी बसते. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या मोकळ्या जागेतली पावसाळी दमट हवाही थंड होऊन घाम सोडते. म्हणून रात्री गाडी लावताना टाकी भरलेली असावी, हे जुन्या चालकांचे म्हणणे शंभर टक्के खरे.

दुसरी वाट नाल्याची. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा पूल पाण्याखाली जातो आणि गाव तुटते, हे अनेक पावसाळ्यांत घडले आहे. लहान नाले तर चालक पाणी उतरायची वाट पाहून ओलांडतात. तापलेली टाकी थंड पाण्यात बुडली की आतली हवा आकसते आणि टाकीच्या हवा-नळीतून नाल्याचे पाणी आत ओढले जाते. या नळीचे तोंड टाकीच्या वरच्या अंगाला असते, पण नाला खोल असला तर तेही बुडते. ती नळी वाढवून चेसिसच्या वर, केबिनच्या मागे उंच नेणे हा मला या भागासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल वाटतो. तोंड खाली वळवावे आणि लहान जाळीचे टोपण लावावे. एक मीटर नळी आणि दोन क्लिपा, एवढेच काम.

तिसरी वाट कॅन आणि ड्रमची. पंप लांब असल्याने गावात डिझेल कॅनमधून मिळते आणि ते नाकारून चालत नाही. ड्रम उघड्यावर उभा असला तर पावसाचे पाणी त्याच्या टोपणाभोवती साचते आणि रात्री ड्रम थंड होताना टोपणाच्या आट्यांमधून थोडे थोडे आत ओढले जाते. ड्रम छपराखाली ठेवा, नाहीतर तिरका ठेवा, टोपणाजवळ पाणी साचणार नाही असा. तो हलवल्यावर एक दिवस निवळू द्या आणि तळाची वीतभर खोली सोडून वरचे डिझेल काढा. जस्ताच्या पत्र्याचे डबे डिझेलला वापरू नका. जस्त आणि डिझेल यांची रासायनिक क्रिया होते आणि तयार झालेला चिकट पदार्थ फिल्टर आणि नोझलमध्ये अडकतो. भरताना जाळी असलेले नरसाळे वापरा.

चंद्रपूरकडे येताना पाणी कमी होते आणि धूळ वाढते. घुग्घुस, राजुरा, गडचांदूरच्या रस्त्यांवर कोळसा, राख आणि सिमेंट एकाच हवेत फिरतात. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने गंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी जाहीर केली, तीत चंद्रपूर होते. पीएम-10 म्हणजे दहा मायक्रॉन आणि त्याखालचे कण. हवेत तरंगणारी आणि फुप्फुसात जाणारी हीच धूळ टाकीचे झाकण उघडल्यावर डिझेलमध्ये पडते. झाकणाभोवतीची धूळ पुसल्याशिवाय ते उघडू नये, आणि रबरी वायसर कडक झाला असेल तर बदलून घ्यावा.

आता फिल्टर वाढवण्याचे बोलू. पिकअपला कंपनीचा फिल्टर असतोच आणि तो काढायचा नाही. त्याच्या आधी, टाकी आणि पंप यांच्या मध्ये, पाणी वेगळे करणारा आणखी एक फिल्टर बसवायचा. जागा पंपाच्या आधीचीच हवी. पाण्याचे थेंब पंपातून गेले की कापले जाऊन इतके बारीक होतात की नंतर ते वेगळे करणे अवघड जाते. पंपाआधी थेंब मोठे असतात आणि पाण्याला दूर ठेवणाऱ्या कागदाला टेकून खाली गळतात. खालची वाटी पारदर्शक असेल तर पाणी डोळ्यांनी दिसते. त्या वाटीला चिखल आणि गोटे लागतात, म्हणून पत्र्याचे संरक्षक कवच हवे.

इथे हौशी लोक चूक करतात. बारीक ते चांगले, असे समजून या पहिल्या जागी दोन मायक्रॉनचा फिल्टर लावतात. पंप ओढतो आणि फिल्टर अडवतो. मग चढावर गाडीला डिझेल पुरत नाही आणि ओढाताणीत जोडांतून हवा आत येते. पहिल्या फिल्टरला तीस किंवा दहा मायक्रॉन पुरे, बारीक गाळण्याचे काम मागच्या कंपनीच्या फिल्टरला करू द्या. काही गाड्यांत टाकीतच विजेचा पंप असतो. तिथे पुढची नळी ओढत नाही, ढकलते, म्हणून त्या दाबाला सोसेल असाच फिल्टर हवा. गाडी कोणत्या प्रकारची आहे ते सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या आणि वॉरंटी चालू असेल तर बदल करण्याआधी लेखी उत्तर मागा.

नळ्या डिझेलसाठी बनवलेल्याच घ्या, बागेच्या नळ्या फुगतात. जोडांना पांढरी प्लंबिंग टेप गुंडाळू नका. तिचे बारीक धागे सुटून थेट पंपात जातात. तांब्याचे नवे वायसर वापरा. सायलेन्सरपासून दूर जागा निवडा. आणि एक सवय जी अनेक गॅरेजमध्ये दिसते, ती मोडायला सांगा: नवा फिल्टर बसवण्याआधी कॅनमधल्या डिझेलने भरून लावणे. ते न गाळलेले डिझेल काही वेळा थेट स्वच्छ बाजूला पडते, म्हणजे ज्याला अडवण्यासाठी फिल्टर घेतला त्यालाच आत जाऊ दिले. हात पंपाने डिझेल ओढा, एअर काढा, मगच सेल्फ मारा. थोडा वेळ लागतो, लागू द्या.

डिझेल इंजिन तयार करणाऱ्या जगाने स्वच्छतेचे एक माप ठरवले आहे. ‘आयएसओ 4406’ या मानकात एका मिलिलिटरमध्ये चार, सहा आणि चौदा मायक्रॉनहून मोठे कण किती, ते मोजतात. जागतिक वाहन उत्पादकांच्या इंधन-मार्गदर्शिकेत डिझेलसाठी 18/16/13 हा स्तर सुचवला आहे. त्याचा अर्थ, एका मिलिलिटरमध्ये चार मायक्रॉनहून मोठे कण अडीच हजारांपेक्षा जास्त नसावेत. एक मिलिलिटर म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. कॅनमधले डिझेल या मापाजवळ येणे कठीणच, म्हणून फिल्टर बदलण्याचा पुस्तकातला अवधी या रस्त्यांसाठी अर्ध्यावर आणावा, असे माझे ठाम मत आहे. नवा इंजेक्टर सहज पाच आकडी पैशाला जातो आणि गाडीत ते चार असतात.

डीईएफ लागणाऱ्या गाड्यांबद्दल एकच गोष्ट सांगतो. निळ्या झाकणाच्या टाकीत जाणारे ते युरियाचे पाणी चुकून डिझेलच्या टाकीत पडले, तर चाबी लावूच नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करा. चाबी फिरवली की पाणी पंपापर्यंत पोचले.

पेरमिलीजवळच्या त्या दुपारी मिस्त्रीने फिल्टर बदलला, टाकीतून आणखी दोन बाटल्या पाणी काढले आणि हात पंप चाळीस-पन्नास वेळा दाबला. सहाव्या सेल्फला गाडी चालू झाली. जाताना त्याने जुना फिल्टर फेकला नाही, छिन्नीने त्याचा पत्रा कापून आतला कागद रस्त्यावर पसरून दाखवला. घड्यांमध्ये काळा थर होता आणि तळाला गंजाचे लाल ठिपके होते. चालक बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. दिव्याबद्दल मग कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

तुमच्या गाडीचा फिल्टर बदलाल तेव्हा मिस्त्रीला एवढेच सांगा: जुना फेकू नको, कापून दाखव. कागद नुसता पिवळसर असेल तर टाकी ठीक आहे. काळा आणि बुळबुळीत असेल तर नव्या फिल्टरआधी टाकी उतरवून धुवा. गंजाचा लाल रंग दिसला तर वाटीतले पाणी दर सकाळी, गाडी चालू करण्याआधी, काढत जा.